बावीस मीटरवरचा दगड

११ फेब्रुवारी, मंगळवार

रुचिताची बाग पाहून आलो. बाग तिची नाही. हरियाणात सोहन्याच्या पुढे एका गावात नरसिंह नावाचा शेतकरी आहे, त्याच्याकडून तिने ती भाडेपट्ट्याने घेतली आहे. जांभळाची चाळीस मोठी झाडं, एक विहीर आणि एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये आमची मुलगी जांभळाची वाइन करणार आहे. सुनंदा सोसायटीत सांगताना ‘फ्रूट प्रोसेसिंग’ म्हणते. मी दारू म्हणतो. नियमावलीतही मदिरा असाच शब्द आहे.

रुचिता बत्तीस वर्षांची आहे. दिल्लीतच मुनिरक्याला खोली घेऊन शिकत होती तेव्हा दही लावायला घेतलं तर नासायचं, आणि आता यीस्टवर तासभर बोलते. जानेवारीत तिने गुडगावची चांगली नोकरी सोडली आणि मग आम्हाला सांगितलं. तिच्या आईने दोन दिवस अबोला धरला. मी म्हणालो, परवान्याची फाइल मी बघतो. चौतीस वर्षं दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात नियमांचे मसुदे केले आहेत. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखेरीज एकही फाइल हाताखालून गेलेली नाही.

शेतावर लहान प्रमाणात मद्य करणाऱ्यांसाठी राज्याने नवी नियमावली काढली आहे. अर्जात तीन चौकोन आहेत: बिअर, वाइन, अर्क. आपण मधल्यावर खूण करायची. मसुदा बरा आहे, अनुक्रमणिका मात्र गलथान. महत्त्वाची अट चौदावी: उत्पादनाच्या जागेपासून शंभर मीटरच्या आत शाळा, दवाखाना किंवा पूजास्थान नको. मी टेप नेली होती. शाळा सहाशे चाळीस मीटर, गावचं मंदिर चारशे दहा, दवाखाना तर किलोमीटरच्या पलीकडे. ह्या अटीची चिंता नाही.

नरसिंहाची अट वेगळी आहे. दहा जूनपर्यंत परवाना हातात पडला नाही तर यंदाचं फळ तो ठेकेदाराला देणार आणि करार संपला. फळ जूनच्या मध्यावर उतरायला लागतं, तेव्हा त्याचंही चूक नाही. म्हणजे चार महिने आहेत. मी स्वतः एका परिपत्रकाला अकरा महिने लावले होते, पण तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे होतो.

निघताना सुनंदाने पर्समधून शेंदराची डबी काढली. तिच्या माहेरी क्षेत्रपाल बसवल्याशिवाय शेतात कुदळ मारत नाहीत. मी म्हणालो, हा हरियाणा आहे. ती म्हणाली, देवाला डोमिसाइल लागत नाही. वाद घालण्यापेक्षा दगड शोधणं सोपं होतं. विहिरीजवळ कळशीएवढा एक सापडला. बांधावर ठेवू म्हटलं तर रुचिताने बांध म्हणजे काय ते विचारलं. दिल्लीत वाढलेली पोर. शेडच्या अलीकडचा कोपरा दाखवला, तिथे दगड बसवला, सुनंदाने शेंदूर लावला, नारळ फोडला. रुचिता म्हणाली, “बाबा, हे कोण?” मी सांगितलं, फील्ड इन्स्पेक्टर. ती हसली.

दगड सपाट बसला आहे का ते मी वाकून पाहिलं. त्यात जरा वेळ गेला.

२ मार्च, रविवार

नरसिंहाची म्हैस दगडाला अंग घासते. आज गेलो तेव्हा दगड आडवा पडला होता. शेडच्या जमिनीचं काम करायला गवंडी आलाच होता, त्याच्याकडून चार विटा आणि घमेलंभर सिमेंट घेऊन भोवती चौथरा करून टाकला. उघड्यावरची वस्तू अशी लोळत पडलेली बरी दिसत नाही. सिमेंट ओलं असल्याने चपला बाहेर काढल्या.

अर्जाला अकरा परिशिष्टं जोडली आहेत. नकाशा मी स्वतः काढला.

१८ मार्च, मंगळवार

अर्ज दिला. निरीक्षकाचं नाव युवराज, वय अठ्ठावीसच्या आसपास, शर्ट इस्त्रीचा. त्याने फाइल चाळली आणि कन्सल्टंट कोण आहे ते विचारलं. मी म्हणालो, अर्जदाराचा बाप. तो म्हणाला, अशी फाइल त्याने नोकरीत पाहिली नाही. मी विशेष काही दाखवलं नाही, पण बरं वाटलं.

परतताना बागेवरून आलो. वाट थोडी लांबची पडते, पण त्या बाजूला ट्रक कमी असतात.

८ एप्रिल, मंगळवार

परवा आंधी आली आणि मागून पाऊस. शेंदूर अर्धा वाहून गेला होता. सुनंदाची डबी गाडीत होती, पुन्हा लावला. शेडच्या छपराचा एक पत्रा उरून गंजत पडला होता, तो दगडाच्या वर चार बांबूंवर घालून घेतला. सुनंदाने विचारलं, तुमचा कधीपासून विश्वास बसला? मी म्हणालो, ही देखभाल आहे. सरकारी इमारतीचीही आपण करतोच, तिच्यावर कुणाचा विश्वास असतो?

नरसिंहाची आई, धापां अम्मा, तिथे दिवा लावून बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई, नजर अजून पक्की. देव कुठला ते तिने विचारलं. मी हिंदीत क्षेत्रपाल समजावला. तिने ते ऐकून घेतलं आणि ‘खेत वाला बाबा’ असं नाव कायम केलं. तिचा गुडघा आठ दिवसांपासून दुखायचा थांबला आहे म्हणे. गावात सरकारी शिबिरात तिला त्याच गुडघ्याचे व्यायाम शिकवले आहेत, ह्याकडे मी तिचं लक्ष वेधलं. तिला त्यात रस नव्हता.

२२ एप्रिल, मंगळवार

दगडापाशी लाल झेंडा लागला आहे. बारा-पंधरा बायका आल्या होत्या, बहुतेक गुडघेवाल्या. कुणीतरी पत्र्याच्या आडव्या बांबूला पितळी घंटा टांगली आहे. आकडा पक्का आहे ना ते बघायला एकदा वाजवली. आवाज चांगला आहे.

स्टीलच्या तीन टाक्या आल्या. परवान्याआधी एक थेंबही आंबवायचा नाही असं मी रुचिताला बजावलं आहे, म्हणून ती टाक्यांत पाणी भरते, तापमान बघते, पाणी सोडून देते, पुन्हा भरते. फार वाळली आहे. जेवताना तिने विचारलं, “परवाना मिळेल ना, बाबा?” मी म्हणालो, फाइलमध्ये काही कमी नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ती ताट ठेवून उठली. एकच प्रश्न दोनदा विचारून उत्तर बदलत नाही, हे ह्या पिढीला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

१३ मे, मंगळवार

पाहणीची तारीख आली, वीस मे. सगळी अंतरं पुन्हा मोजली. शाळा तीच, मंदिर तेच. नकाशाच्या तीन रंगांत प्रती केल्या.

निरीक्षक येणार तर परिसर नीटनेटका दिसायला हवा. नरसिंहाने शेडभोवतीचं गवत काढून दिलं. मी स्वतः चौथऱ्याला चुना दिला. कमरेत थोडं धरलं, पण काम छान झालं. बागेत शिरल्या शिरल्या नजर तिथेच जाते.

२० मे, मंगळवार

पाहणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

युवराज अकराला आला. मंगळवार असल्याने बायका होत्याच. फाटकातून आत येताच त्याला चौथरा दिसला. बूट काढले, घंटा वाजवली, माथा टेकला. धापां अम्माने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो त्याने खाल्ला. मला त्याचं वागणं आवडलं. मग त्याने बूट घातले, शेड पाहिली, टाक्या पाहिल्या, रुचिताला चार नेमके प्रश्न विचारले. तिने नेमकी उत्तरं दिली. मी मध्ये फक्त दोनदा बोललो.

नंतर त्याने टेप काढली आणि एक टोक शेडच्या भिंतीला लावून चौथऱ्याकडे चालू लागला. मला आधी कळलंच नाही तो कुठे चालला आहे ते. बावीस मीटर भरले. त्याने फॉर्मवर लिहिलं: पूजास्थळ, पक्का चौथरा, छत, घंटा, नियमित पूजा.

मी म्हणालो, हा दगड फेब्रुवारीत मी इथे ठेवला आहे, त्याआधी तो विहिरीजवळ लोळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

“साहब, मैंने अभी खुद माथा टेका है. अब मैं कैसे लिखूँ कि यहाँ कुछ नहीं है?”

 माणूस सरळ आहे. जाताना त्याने एवढं सांगितलं की दगड तिथून हलवला आणि ज्याने तो बसवला त्याने शपथपत्र दिलं, की इथे देवाची स्थापना झालीच नव्हती, तर तो पुन्हा येईल. पाच जूनपर्यंत.

गाडीत बसलो. ह्या टप्प्यावर कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत ते मी सांगायला लागलो. सुनंदा म्हणाली, “अहो, आता गप्प बसा.” दिल्लीत द्वारकेला घरी पोचायला सव्वा तास लागला.

२१ मे, बुधवार

अहवालातले मुद्दे एकेक करून तपासले. चौथरा मी केला. छत मी घातलं. चुना मी दिला. घंटा माझी नाही, पण ती लागली ती मी घातलेल्या बांबूला. प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी स्वतंत्र आणि योग्य कारण होतं. ती सगळी मिळून काय होतंय, ते कुणीतरी पाहायला हवं होतं. चौदावी अट माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला पाठ नव्हती.

२५ मे, रविवार

शपथपत्राचा मसुदा केला. कलम एक, सदर दगड शेतातल्या विहिरीजवळून उचललेला साधा दगड आहे. कलम दोन, कोणताही धार्मिक विधी करून स्थापना केलेली नाही. नारळ फोडणं ही कामाच्या शुभारंभाची सर्वसाधारण पद्धत आहे. कलम तीन, सदर दगडाच्या ठायी माझी श्रद्धा नव्हती आणि नाही. तो ठेवताना मी वाकलो ते केवळ तो सपाट बसला आहे का हे पाहण्यासाठी.

तिसरं कलम मला चांगलं जमलं असं वाटलं. रुचिता चहा करत होती, तिला वाचून दाखवलं. तिने गॅस बंद केला.

“तिसरा पॉइंट काढता येईल का?”

मी विचारलं, का. ती म्हणाली, “मी जॉब सोडला तेव्हा तुम्ही हो म्हणाला नाहीत. नाही पण म्हणाला नाहीत. फाइल बघतो म्हणालात. मग त्या दिवशी तुम्ही तिथे वाकलात. तुम्ही कुठेच वाकत नाही, बाबा. आजीच्या देवघरात पण नाही. मला वाटलं, यार, बाबा हो म्हणाले.”

मी तिला सांगितलं की तिसऱ्या कलमाशिवाय पहिल्या दोन कलमांना बळ नाही, कारण पूजास्थान ठरतं ते बसवणाऱ्याच्या हेतूवरून. हे बरोबरच आहे, कुठलाही वकील हेच सांगेल. ती म्हणाली, “अच्छा. ठीक आहे. राहू दे मग.” चहा तिने माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्वतःचा न घेता टाक्यांची पत्रकं घेऊन बसली.

मला वाईट वाटलं. वाटलं ते लिहून ठेवतो.

२८ मे, बुधवार

नरसिंह गावातल्या जाणत्यांशी बोलून आला. दगड मंदिराच्या आवारात, पिंपळाखाली न्यायला कुणाची हरकत नाही. गावाने हे फार समजूतदारपणे घेतलं. परवाना काय, अट काय, कुणी विचारलंही नाही. खेत वाला बाबा आता गावात राहायला येणार म्हणून काही बायका खूशच आहेत, त्यांचं चालणं वाचेल.

अडचण धापां अम्माची आहे. नरसिंहाने ट्रॅक्टर देऊ केला, तिने मोडता घातला. “जिसने बिठाया, वही उठाए.” मी चौसष्ट वर्षांचा आहे, कमरेच्या मणक्याची तक्रार आहे, डॉक्टरांचा कागद दाखवू शकतो. नरसिंहाने हे सगळं तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

१ जून, रविवार

सुनंदाने सुचवलं की अम्माच्या नकळत ट्रॅक्टरवर घालून न्यावा, म्हातारीला काय कळतंय. मी नको म्हटलं. म्हातारीचं म्हणणं रीतसर आहे. ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्यानेच तो मागे घ्यायचा असतो.

झाडांवर फळ धरलं आहे, अजून हिरवं. ठेकेदाराचा माणूस एकदा फिरून गेला.

३ जून, मंगळवार

दगड नेला.

सकाळी सातलाच पोचलो, तरी ऊन होतं. चौथरा मी परवाच फोडून ठेवला होता. दगड उचलला तेव्हा फेब्रुवारीतल्यापेक्षा जड लागला, शेंदराचे थर असतील. अम्माने माझ्या बुटांकडे पाहिलं. मी बूट काढले. नरसिंह मागे चालत होता, मी पडलो तर धरायला. सुनंदा पाण्याची बाटली घेऊन. बायका बऱ्याच होत्या, पण कुणी गात वगैरे नव्हतं.

चारशे दहा मीटर. हे अंतर मी दोनदा मोजलं आहे, पण दोन्ही वेळा हातात फक्त टेप होती. शंभराच्या पुढे गेल्यावर नियमाच्या दृष्टीने काम झालं होतं, तिथेच ठेवला असता तरी चाललं असतं. तसं मनात आलं नाही. सात वेळा थांबलो. प्रत्येक वेळी दगड मांडीवर घेऊन बसायचो, कारण खाली ठेवायचा नाही असं अम्माने सांगितलं होतं. पाय पोळत होते.

शाळेच्या वळणापाशी हात सुटायला लागले. रुचिता छत्री धरून बाजूने चालत होती. तिने छत्री आईकडे दिली आणि दगडाखाली स्वतःचे हात घातले. मी म्हणालो, ज्याने बसवला त्यानेच उचलायचा आहे. ती म्हणाली, “माझ्यासाठीच बसवला होता ना? मग धरू द्या.” अम्मा बघत होती, पण तिने अडवलं नाही. उरलेली वाट दगड आम्ही दोघांनी मिळून नेला. एकाच दगडाखाली चार हात असले की तोंडं एकमेकांसमोर येतात आणि एकाला मागे पाय टाकत चालावं लागतं. ती मागे पाय टाकत चालली. मला तिच्या चेहऱ्याशिवाय दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

पिंपळाखाली दगड ठेवला. सपाट बसला आहे का ते ह्या वेळी नरसिंहाने पाहिलं.

दुपारी सोहन्याला नोटरीकडे गेलो. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, मजकूर आपल्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरा आहे का. मी हो म्हणालो. सही करायला थोडा वेळ लागला. नोटरीला वाटलं पेन चालत नाही, त्याने स्वतःचं दिलं.

५ जून, गुरुवार

युवराज येऊन गेला. पुन्हा टेप लावली, रिकाम्या जागेचा फोटो काढला. शपथपत्र उभ्या उभ्या वाचलं. तिसऱ्या कलमापाशी आल्यावर माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांना पट्ट्या आहेत, सँडलमधून दिसतात. मग फॉर्मवर लिहिलं: अट चौदा, पूर्तता.

९ जून, सोमवार

परवाना आला. नरसिंहाच्या मुदतीच्या एक दिवस आधी. रुचिताने तो मला वाचायला दिला. मी दोनदा वाचला, दुसऱ्या पानावर एक चूक आहे पण ती आपल्याला बाधक नाही. नरसिंहाने ठेकेदाराला फोन करून नाही कळवलं. सुनंदाने शिरा केला. सोसायटीत कुणी विचारलं तर ती आता वाइन म्हणणार आहे, असं तिने जाहीर केलं.

संध्याकाळी फाइल बंद करायला बसलो. शपथपत्राची प्रत सगळ्यात वर होती. रुचिता समोर टाक्यांचं वेळापत्रक करत होती. चौतीस वर्षांत मी कमी लिहिलं असेल, उशिरा लिहिलं असेल, मुद्दाम न कळेल असंही लिहिलं आहे. खोटं लिहिलं नाही. तिला म्हणालो, “कलम तीन खोटं आहे.”

तिने मान वर केली. मी म्हणालो, त्या दिवशी मी सपाटी बघत नव्हतो. पोरीचं सगळं नीट होऊ दे, असं म्हणत होतो. त्याला वेळ लागतो, मला सवय नाही.

तिने डोळे पुसले आणि मग तिचा तो मुनिरक्याच्या दिवसांतला चेहरा केला, मला छळायचं असलं की करायची तो. म्हणाली, “असं तोंडी नाही चालत, बाबा. लेखी द्या.”

मी पॅडमधला एक कागद काढला. ‘चि. रुचिता जे काम करीत आहे त्यास माझी संमती आहे आणि ती पहिल्या दिवसापासून होती.’ खाली सही केली, तारीख घातली आणि तिच्या हातात दिला.

प्रत ठेवली नाही.